विश्लेषण : मुलांच्या रक्तकर्करोगावरील पहिले औषध देणारे सुब्बाराव... आणि त्या औषधामागून आलेली बुरशी

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलावर केमोथेरपी सुरू असताना ताप आला आणि चार-चार दिवस उतरेना, की डॉक्टरांना बुरशीच्या संसर्गाची शंका येऊ लागते. कर्करोग आटोक्यात आला असताना केवळ बुरशीमुळे मूल दगावण्याचा धोका आजही संपलेला नाही. हा धोका ठळकपणे कधीपासून दिसू लागला, याचा माग काढत गेल्यास १९४८ या वर्षापाशी आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू शास्त्रज्ञापाशी यावे लागते.

सुब्बाराव कोण होते?

१२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास प्रांतातील भीमावरम येथे जन्मलेले सुब्बाराव शाळेत हुशार म्हणून ओळखले जात नव्हते. मॅट्रिक व्हायला त्यांना तीन प्रयत्न लागले. लहानपणी घरातून पळून काशीला जायचे आणि यात्रेकरूंना केळी विकून पैसा करायचा, असा त्यांचा बेत होता. आईने परत आणले, असे सांगितले जाते. वडील गेल्यावर घर ओढणाऱ्या व्यंकम्मांचा एकच हट्ट होता, मुलाने शिकले पाहिजे. पुढे मद्रासमध्ये शिकताना त्यांना रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावासा वाटू लागला. त्यालाही आईने परवानगी दिली नाही. लोकांची सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करता येईल, या विचाराने ते मद्रास मेडिकल कॉलेजात गेले.

तेथे त्यांना खादी नडली. असहकाराच्या दिवसांत ते शस्त्रक्रियागृहातही खादीचा झगा घालून जाऊ लागले आणि शल्यचिकित्सा शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गमावून बसले. परिणामी एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी हाती आली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यामुळे जवळपास बंद झाले. मद्रासच्या आयुर्वेदिक महाविद्यालयात त्यांनी काही काळ शरीररचनाशास्त्र शिकवले. तिथून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, सासऱ्यांच्या आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेच्या मदतीने, ते अमेरिकेला निघाले. पत्नी मागे राहिली. सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत.

बोस्टनला हार्वर्डच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात प्रवेश मिळाला, पण पोटापाण्याची सोय नव्हती. रुग्णालयात रात्रपाळीला हलकी कामे करून ते दिवस काढत. नंतर जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांचे काम सुरू झाले आणि १९२५ मध्ये रक्त-लघवीतील फॉस्फरस मोजण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ हे नाव जीवरसायनशास्त्र शिकलेल्यांना अजून परिचित आहे. स्नायूंना ऊर्जा कुठून मिळते, याचा शोध घेताना या जोडीने फॉस्फोक्रिएटिन आणि पाठोपाठ १९२९ मध्ये एटीपी वेगळे काढले. एटीपी म्हणजे पेशीतली ऊर्जेची रोकड. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही त्याच वर्षी ते सापडले होते.

इतके करूनही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. स्वतःचे श्रेय पुढे रेटण्याची त्यांना सवय नव्हती, हेही त्यामागचे एक कारण. १९४० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले आणि न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत संशोधनाची सूत्रे हाती घेतली. पुढच्या आठ वर्षांत या प्रयोगशाळेतून जे बाहेर पडले, त्यावर एखादी कंपनी शंभर वर्षे जगावी. विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी दिल्या गेलेल्या डीईसी गोळ्यांचा उगमही तिथलाच.

फोलिक ॲसिडचा आणि परळचा संबंध काय?

सुब्बाराव यांचे दोन भाऊ ‘स्प्रू’ या आजाराने थोड्या दिवसांच्या अंतराने गेले होते. या आजारात आतड्यात अन्न नीट शोषले जात नाही. जुलाब, तोंड येणे, कमालीची रक्तक्षीणता आणि शेवटी मृत्यू. त्या रक्तक्षीणतेवर उपाय शोधण्याची ओढ सुब्बाराव यांना तेव्हापासून होती.

याच रक्तक्षीणतेची एक नातलग मुंबईत अभ्यासली गेली होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांतल्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षीणतेचा तिने परळच्या हाफकिन संस्थेत राहून अभ्यास केला. यीस्टपासून बनणारे ‘मार्माइट’ हे स्वस्त खाद्य दिले की या स्त्रियांचे रक्त भरून येते, हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिले. यीस्टमध्ये नेमके काय आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. आणि यीस्ट म्हणजे तरी काय, तर बुरशीचाच एक प्रकार. या कहाणीत बुरशी पहिल्यांदा दिसते ती अशी, गुणकारी रूपात.

पुढे या घटकाला फोलिक ॲसिड असे नाव मिळाले. ते प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करण्याचे काम १९४५ मध्ये सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनतज्ज्ञांनी केले. पाचपन्नास किलो यकृत किंवा पालक उकळून चिमूटभर मिळणारे द्रव्य आता हवे तितके बनवता येऊ लागले. स्प्रूचे रुग्ण त्याने बरे होऊ लागले. भावांसाठी मात्र त्याला फार उशीर झाला होता.

१९४७-४८ मध्ये बोस्टनमध्ये काय घडले?

बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. तीव्र ल्युकेमिया झालेले मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. रक्त देणे आणि वाट पाहणे, इतकेच डॉक्टरांच्या हाती होते. फोलिक ॲसिडने रक्त सुधारते, तर ल्युकेमियातही सुधारेल, या आशेने फार्बर यांनी लेडर्लीतून आलेली फोलिक ॲसिडची संयुगे काही रुग्णांना देऊन पाहिली. झाले उलटेच. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढू लागल्या.

वैद्यकाच्या इतिहासात अशा अपयशानंतर प्रयोग बहुधा थांबतो. येथे विचार उलटला. फोलिक ॲसिडने पेशी वाढत असतील, तर त्यांना ते मिळूच द्यायचे नाही. फोलिक ॲसिडसारखेच दिसणारे, पण पेशीला फसवणारे रेणू सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार होतच होते. कुलपात हुबेहूब दिसणारी, पण न फिरणारी किल्ली अडकवून ठेवावी, तसे हे काम. त्यातला अमिनोप्टेरिन हा रेणू डिसेंबर १९४७ च्या अखेरीस एका लहान मुलाला टोचण्यात आला आणि त्याची प्रकृती सुधारू लागली. ३ जून १९४८ रोजी फार्बर यांनी १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० जणांमध्ये सुधारणा दिसली होती. ती टिकाऊ नव्हती, काही महिन्यांत आजार परतत असे. पण औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे जगाने प्रथमच पाहिले. अमिनोप्टेरिनचा तुलनेने सुसह्य भाऊ मेथोट्रेक्सेट लगेच पाठोपाठ आला. बहात्तर रोगांवर नव्हे, पण मुलांच्या ल्युकेमियापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांत तो आजही रोज वापरला जातो.

फार्बर यांच्या त्या पहिल्या लेखातच औषधाच्या दुष्परिणामांची नोंद आहे. त्यात ठळक होते, मुलांच्या तोंडात उठणारे फोड आणि व्रण.

मग बुरशी कुठून आली?

अमिनोप्टेरिन किंवा मेथोट्रेक्सेट कर्करोगाची पेशी ओळखत नाही. ते फक्त भराभर विभागणारी पेशी ओळखते. विभागायचे तर नवा डीएनए हवा, आणि तो बनवायला फोलिक ॲसिड हवे. शरीरात अशा घाईत असलेल्या निरोगी पेशीही असतात. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचे आतले अस्तर सतत नवे होत असते आणि हाडांतल्या मज्जेत रोज अब्जावधी रक्तपेशी जन्म घेतात. औषधाचा वरवंटा तिथेही फिरतो.

अस्तर फाटले, की तोंडात आणि आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीला रक्तात उतरायला वाट मिळते. तोंडात पांढरी साय जमल्यासारखी दिसते, ती हीच. नुसती तोंडात असेल तर ती त्रासदायक, रक्तात उतरली तर जिवावरची. औषधे देण्यासाठी छातीत बसवलेली नळी हाही तिचा एक रस्ता.

मज्जा थंडावली, की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. बुरशीला गिळून मारणारी शरीराची पायदळ फौज हीच. हवेतून ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो. जुन्या भिंती, कंपोस्ट, कुंडीतली माती, पाडकामाची धूळ, सगळीकडे ते असतात. निरोगी माणसाच्या फुप्फुसात ते रुजण्यापूर्वीच संपवले जातात. न्यूट्रोफिल नसलेल्या मुलाच्या फुप्फुसात ते अंकुरतात, तंतू पसरवतात आणि रक्तवाहिन्यांत घुसतात.

तिसरी बुरशी महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून घराघरांत पोहोचलेला म्युकरमायकोसिस मुलांच्या कर्करोग वॉर्डांत त्याआधी कितीतरी वर्षांपासून परिचित होता. कारणेही तीच. करोनात स्टिरॉइड आणि वाढलेली साखर यांनी तिला वाट करून दिली. ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यातील उपचारांत स्टिरॉइड असतेच, त्यासोबत दिल्या जाणाऱ्या अस्पॅराजिनेजमुळेही साखर वाढू शकते आणि न्यूट्रोफिल तर तळाला गेलेले असतात.

सगळा दोष औषधांवर टाकणे मात्र चुकीचे ठरेल. ल्युकेमिया स्वतःच मज्जा व्यापून टाकतो आणि चांगल्या पांढऱ्या पेशींना जागा ठेवत नाही. १९४८ पूर्वीही या मुलांना संसर्ग होतच. फरक इतकाच, की तेव्हा मूल इतक्या लवकर जाई की बुरशीला फैलावायला वेळच मिळत नसे. औषधाने मुलांना आठवडे, महिने आणि मग वर्षे मिळवून दिली. त्या मिळालेल्या काळात बुरशीलाही संधी मिळाली.

ऑरिओमायसिनची यात भूमिका कोणती?

सुब्बाराव यांचे दुसरे मोठे काम याच वर्षी जगासमोर आले. सत्तरी ओलांडलेले निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांना त्यांनी लेडर्लीत आणले होते. मातीतल्या सूक्ष्मजीवांतून नवे प्रतिजैविक शोधायचे, हे काम सोपवले. ठिकठिकाणांहून माती मागवण्यात आली. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न शेतातल्या मातीत एक सोनेरी जीवाणू सापडला आणि त्याच्यापासून ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातले पहिले औषध निघाले. जुलै १९४८ मध्ये त्याची घोषणा झाली. पेनिसिलिन ज्यांना हात लावत नव्हते, अशा अनेक जीवाणूंवर ते चालत होते.

नेमके तेच बुरशीच्या पथ्यावर पडले. आतड्यात जीवाणू आणि बुरशी यांची वस्ती एकमेकांना आवर घालत नांदते. अनेक प्रकारचे जीवाणू एकदम मारणारे औषध दिले, की कॅन्डिडाला शेजारी उरत नाही. ऑरिओमायसिन वापरात आल्यावर काही वर्षांतच तोंडात, घशात, आतड्यात बुरशी माजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. बॅक्टेरियाच्या संसर्गाने मुले दगावू नयेत म्हणून द्यायच्या औषधाची ही किंमत होती. ल्युकेमियाच्या मुलाला दोन्ही औषधे लागत. एकाने अस्तर आणि फौज जाई, दुसऱ्याने बुरशीचे प्रतिस्पर्धी जात. दोन्ही औषधे एकाच प्रयोगशाळेतली, एकाच माणसाच्या देखरेखीखाली घडलेली.

पुढचे पाहायला सुब्बाराव उरले नाहीत. ऑरिओमायसिनच्या घोषणेला महिना होण्याआधीच, ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनचा लेख प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

बुरशीवर औषध कुणी शोधले?

विलक्षण योग असा, की तेही १९४८ मध्येच आणि त्याच न्यूयॉर्क राज्यात सापडले. राज्याच्या आरोग्य विभागात एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, तर रेचल ब्राउन ऑल्बनीत काम करत. हेझन मातीचे नमुने गोळा करून त्यातले सूक्ष्मजीव वाढवत आणि ते बुरशीला मारतात का ते पाहत. आशा वाटली, की काचेच्या बरणीत घालून टपालाने ब्राउन यांच्याकडे पाठवत. ब्राउन त्यातले द्रव्य शुद्ध करून पुन्हा टपालाने परत पाठवत. अशा बरण्यांच्या देवाणघेवाणीतून निस्टाटिन मिळाले. ज्या मातीत ते सापडले, ती व्हर्जिनियातल्या हेझन यांच्या परिचितांच्या शेतातली होती. नाव मात्र न्यूयॉर्क राज्यावरून पडले. १९५० मध्ये शोध जाहीर झाला. मानधनापोटी मिळालेले एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक त्या दोघींनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनाला दिले. (इटलीत फ्लॉरेन्सला १९६६ चा पूर आल्यावर भिजलेल्या चित्रांवरची बुरशी काढायलाही निस्टाटिन वापरले गेले.)

निस्टाटिनची मर्यादा अशी, की ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही आणि थेट रक्तात द्यावे तर विषारी ठरते. तोंडातल्या आणि आतड्यातल्या कॅन्डिडासाठी उत्तम, फुप्फुसातल्या ॲस्परजिलसपुढे निरुपयोगी. ती उणीव १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून आलेल्या अँफोटेरिसिन-बीने भरून काढली. हेच ते इंजेक्शन, ज्याच्यासाठी २०२१ मध्ये राज्यात नातेवाइकांना दुकानोदुकानी फिरावे लागले. ते टोचताना हुडहुडी भरते, ताप चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. स्निग्ध कणांत गुंडाळलेले त्याचे लायपोसोमल रूप बरेच सौम्य आहे, पण महाग.

बुरशीवरची औषधे जीवाणूंवरच्या औषधांच्या मानाने इतकी थोडी का, याचे उत्तर बुरशीच्या घडणीत आहे. जीवाणूची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा फार वेगळी. बुरशीची मात्र आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती. त्यामुळे बुरशीला मारणारे बहुतेक काही माणसालाही इजा करते. बुरशीच्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असते, एवढ्याशा फरकावर निस्टाटिन आणि अँफोटेरिसिन टिकून आहेत.

किती पांढऱ्या पेशी पुरेशा?

हा प्रश्न १९६६ मध्ये सुटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जेरल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांची रक्ततपासणी आणि त्यांना झालेले संसर्ग यांची सांगड घातली. न्यूट्रोफिल जितके कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग अटळ, हे त्यातून स्पष्ट झाले. एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल ५०० पेक्षा खाली गेले आणि ताप आला, तर तो आणीबाणीचा ताप, हा आजचा नियम त्याच अभ्यासातून घडत आला आहे. बोडी यांनी पुढेही कर्करोग रुग्णांतील संसर्गांचा पाठपुरावा केला.

दुसरी गोष्ट मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातली. तिथे मुलांचा ल्युकेमिया बरा होऊ लागला होता. तरी आजारातून बाहेर आलेली काही मुले न्यूमोसिस्टिस या जंतूच्या न्यूमोनियाने जात. वॉल्टर ह्यूज यांनी १९७७ मध्ये १६० मुलांवरील चाचणी प्रसिद्ध केली. कोट्रायमोक्साझोल न दिलेल्या ८० मुलांपैकी १७ जणांना हा न्यूमोनिया झाला. दिलेल्या ८० पैकी एकालाही झाला नाही. तेव्हापासून केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना आठवड्यातून ठरावीक दिवस ही साधी, स्वस्त गोळी दिली जाते. न्यूमोसिस्टिसला तेव्हा प्रोटोझोआ मानत. १९८८ मध्ये जनुकीय पुराव्यावरून ती बुरशी असल्याचे सिद्ध झाले.

येथे सुब्बाराव पुन्हा भेटतात. कोट्रायमोक्साझोल हे सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम यांचे मिश्रण. दोन्ही घटक जंतूचा फोलिक ॲसिडचा पुरवठा तोडतात. म्हणजे ल्युकेमियाच्या पेशीची उपासमार करणारी युक्तीच येथे बुरशीवर उलटवली आहे. ट्रायमेथोप्रिम ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, ते नोबेल मानकरी जॉर्ज हिचिंग्ज हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना फिस्के-सुब्बाराव यांच्याच प्रयोगशाळेत घडले होते. सुब्बाराव यांच्यावर अन्याय झाला, असे त्यांनी नंतर जाहीरपणे नोंदवलेही. हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी दिलेले मर्कॅप्टोप्युरिन आणि सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे मेथोट्रेक्सेट, या दोन गोळ्या ल्युकेमियाची मुले आजही दीड-दोन वर्षे सोबतच घेतात.

आज पालकांनी काय लक्षात ठेवावे?

श्रीमंत देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. भारतात हे प्रमाण कमी आहे आणि त्यामागच्या कारणांत संसर्ग हे एक मोठे कारण आहे. सगळ्या मुलांना बुरशीचा धोका सारखा नसतो. मायलॉइड प्रकारचा ल्युकेमिया, उलटलेला ल्युकेमिया, दुसऱ्याची मज्जा बसवलेली मुले आणि ज्यांचे न्यूट्रोफिल दहा दिवसांहून अधिक तळाला राहतात अशी मुले, यांना तो सर्वाधिक. त्यांना बुरशीविरोधी औषध आधीपासूनच दिले जाते.

ताप आला की आधी जीवाणूंवरचे प्रतिजैविक तातडीने सुरू होते. ते देऊनही चौथ्या दिवसानंतर ताप राहिला आणि पेशी वर आल्या नाहीत, तर छातीचा सीटी स्कॅन आणि बुरशीची शंका धरून औषध, असा क्रम असतो. कधी कधी उलटेही घडते. पेशी वर आल्या तरी ताप जात नाही आणि सोनोग्राफीत यकृत-प्लीहेत कॅन्डिडाचे ठिपके दिसतात.

घरच्या घरी कुणाच्या सल्ल्याने बुरशीची गोळी देणे मात्र धोक्याचे. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल यांसारखी औषधे व्हिनक्रिस्टिन या ल्युकेमियाच्या इंजेक्शनला शरीरातून बाहेर पडू देत नाहीत. त्यामुळे व्हिनक्रिस्टिन साचते आणि पायांतली ताकद जाणे, आतडी ठप्प होणे, झटके येणे असे प्रकार होतात. त्वचेवरच्या गजकर्णासाठी घरात कुणाला दिलेली इट्राकोनाझोलची कॅप्सूल याच कुळातली आहे.

उपचारांसाठी महिनोन्‌महिने मुंबईत मुक्काम करावा लागणाऱ्या कुटुंबांना पावसाळ्यात आणखी जपावे लागते. ओल धरलेली भिंत, शेजारचे पाडकाम, कुंड्या, मातीत खेळणे, बुरा आलेली भाकरी किंवा लोणचे यांपासून मुलाला दूर ठेवायचे. दात मऊ ब्रशने घासायचे, तोंडात पांढरे दिसले की त्याच दिवशी दाखवायचे. नाकातून काळसर स्राव, गालाला बधिरपणा किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. तोंडाचे व्रण मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर वाढू नयेत म्हणून ठरलेल्या तासांना ल्युकोव्होरिन दिले जाते. ते फोलिक ॲसिडचेच एक रूप. एका औषधाने बंद केलेली वाट दुसऱ्याने उघडायची. त्यामुळे त्याची वेळ चुकवून चालत नाही.

परळमध्ये हाफकिन संस्थेपासून टाटा रुग्णालय जवळ आहे. गिरणीतल्या स्त्रियांना लुसी विल्स जिथे यीस्ट देत होती, त्याच भागात आज देशभरातून आलेली मुले मेथोट्रेक्सेट घेतात.

सुब्बाराव यांचे नाव कुठे उरले?

भारताने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी कधी घेतले नाही. नोबेलही मिळाले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांवर वाढणारी एक नवी प्रजाती क्लिफर्ड हेसेल्टाइन यांनी नोंदवली आणि तिला सुब्बाराव यांचे नाव दिले. सुब्बारोमायसिस स्प्लेंडेन्स. ती एक बुरशी आहे.